एका टँकमधली तीन शेवाळं, त्यातली दोन उपायांनी आणलेली

टँक, म्हणजे झाडं लावलेला (प्लांटेड) फिशटँक, एका मित्राचा आहे, माझा नाही, पण गेले काही महिने त्यात माझे हात इतक्या वेळा बुडालेत की त्यावर लिहायला त्याची हरकत नाही. साइज ६० बाय ३० बाय ३६ सेंटिमीटर, म्हणजे कागदावर ६५ लिटर, पण माती, लाकूड, दगड वजा जाता पाणी ५५ लिटरच्या आसपास. खाली कपाटात कॅनिस्टर फिल्टर, झाडांसाठी सिलिंडरचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड), त्याचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवरचा व्हॉल्व्ह, टायमरला लावलेला, वर बऱ्यापैकी ताकदीचा एलईडी, झाकण नाही. झाडं म्हणाल तर लाकडावर ॲनुबियास आणि बुसेफॅलँड्रा, थोडं मॉस, मागे रोटाला आणि व्हॅलिसनेरिया, पुढे क्रिप्ट. मासे म्हणाल तर छोट्या टेट्रांचा एक थवा आणि काही अमानो श्रिंप, बस. खाणं मोजून घालतो, अर्धं पाणी दर रविवारी न चुकता बदलतो. म्हणजे बघितल्याबरोबर "अरे इथे चुकतंय तुझं" असं बोट ठेवता येईल असा टँकच नाही हा.

सात-आठ महिने मस्त चालला. मग ॲनुबियासच्या जुन्या पानांच्या कडेला काळपट मिशी फुटल्यासारखं काहीतरी दिसायला लागलं, आणि तिथून पुढे त्याने जे जे केलं ते बहुतेक सगळेच करतात म्हणून क्रमाने सांगतो. आधी खतं बंद केली, कारण "शेवाळ म्हणजे पाण्यात न्यूट्रिएंट जास्त". फरक पडला नाही म्हणून फिल्टरमध्ये फॉस्फेट शोषणारी मीडिया (फिल्टरमध्ये भरायचा पदार्थ) टाकली. मग तीन दिवस टँक जाड चादरीने झाकून ब्लॅकआउट. मग लिक्विड कार्बन, तोही बाटलीवर लिहिलंय त्याच्यापेक्षा जास्त, त्यात व्हॅलिसनेरिया पार विरघळली (लिक्विड कार्बनमध्ये ग्लुटारल्डिहाइड असतं आणि त्याला ती नाजूक असतेच, हे आधी कुणी सांगत नाही). आणि शेवटी "शेवाळ खाणारा मासा". एकाच गोष्टीला हात लावला नाही, ती म्हणजे दिवा. नऊ तास फुल्ल. का, तर कमी केला तर रोटाला लाल होणार नाही.

मला फोटो आले तेव्हा टँकमध्ये एक नाही, तीन वेगवेगळी शेवाळं होती, आणि तो तिघांना मिळून एकच नाव देत होता.

आधी ओळख

फोटोवरून ओळख पटवायच्या भानगडीत मी सहसा पडत नाही, कारण फोटोत काळं, गडद हिरवं आणि राखाडी हे सगळं सारखंच दिसतं. बोटाने घासून बघणं, नखाने खरवडणं आणि वास घेणं यातून जास्त कळतं. समोरच्या काचेवर हिरवे गोल ठिपके होते, मोहरीपेक्षा लहान, इतके कडक की स्पंजने घासलं तर स्पंजच झिजेल. हे ग्रीन स्पॉट, यात शंका नाही. धूळ असते ती ग्रीन डस्ट, ती बोट फिरवलं की निघते आणि दुसऱ्या दिवशी परत बसते, ती वेगळी. ठिपके ॲनुबियासच्या पानांवर पण होते, जुन्यावर जास्त.

दुसरं, उजव्या पुढच्या कोपऱ्यात मातीवर एक निळसर हिरवी चादर पसरलेली, ट्यूबच्या टोकाने उचलली तर सायीसारखी अख्खी वर येते. हात बाहेर काढून वास घेतला, कुबट, ओल्या तळघरासारखा. एकदा हा वास घेतला की आयुष्यभर लक्षात राहतो. हे खरं तर शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया आहे, म्हणजे प्रकाशावर जगणारा जिवाणू, पण सगळे बीजीए (ब्लू ग्रीन अल्गी) म्हणतात तर मी पण म्हणतो. तीच चादर काच आणि माती यांच्या मधल्या फटीतसुद्धा खाली दोन बोटं उतरलेली दिसत होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिसरं म्हणजे मूळ आजार. ॲनुबियासच्या कडा, लाकडाचा वरचा भाग, फिल्टरच्या आउटलेटची कड. आखूड, दाट, काळपट झुबके, ओढले तर पानाचा तुकडा येईल पण झुबका सुटत नाही. ब्लॅक ब्रश अल्गी, म्हणजे बीबीए. मित्राचं म्हणणं होतं की हे हेअर अल्गीच (केसांसारखं हिरवं शेवाळ) आहे, फक्त काळं पडलंय. वाद घालण्यापेक्षा एक खराब पान कापलं, छोट्या काचेच्या वाटीत स्पिरिट घेतलं आणि त्यात टाकून ठेवलं. काही तासांत स्पिरिटला हिरवट झाक आली आणि झुबके विटकरी लाल. कारण सोपं आहे, हिरवं क्लोरोफिल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पण लाल शेवाळांमधलं जे लाल रंगद्रव्य असतं ते अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, ते मागे राहतं. बीबीए हे दिसायला काळं असलं तरी जातीने लाल शेवाळ आहे, स्टॅगहॉर्न नावाचं शेवाळ पण त्यातलंच. हिरवं हेअर अल्गी असतं तर स्पिरिटमध्ये ते फिकट पांढरट पडलं असतं. घरी करण्यासारखी याच्याइतकी खात्रीची टेस्ट दुसरी मला माहीत नाही, आणि निम्मे लोक चुकीच्या शेवाळावर उपाय करत बसतात म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

माशाचं पण इथेच उरकतो. दुकानातून सायामीज अल्गी ईटर म्हणून आणलेला मासा निघाला फ्लाइंग फॉक्स. खऱ्या सायामीजची काळी पट्टी थेट शेपटीच्या टोकापर्यंत जाते आणि बाकीचे पर पारदर्शक असतात, फ्लाइंग फॉक्सच्या परांवर काळा रंग असतो आणि पट्टीच्या वर सोनेरी रेघ ठळक दिसते. सायामीज बीबीए खातो हे खरं आहे, फ्लाइंग फॉक्स त्याला फारसा हुंगत नाही. आणि खरा असता तरी १५ सेंटिमीटरपर्यंत वाढणारा, सतत पळणारा मासा दोन फुटी टँकमध्ये ठेवायचा नसतो, त्यामुळे तो मोठ्या टँकवाल्या एकाला देऊन टाकला.

कुठे उगवलंय ते बघा

कोणतं शेवाळ आहे हे कळलं की लोक थेट कारणांचा तक्ता उघडतात, बीबीए म्हणजे सीओटू कमी, ग्रीन स्पॉट म्हणजे फॉस्फेट कमी, वगैरे. तक्ते चुकीचे नाहीत. पण मला त्यापेक्षा कुठे उगवलंय आणि कधी उगवलंय हे जास्त बोलकं वाटतं. म्हणून त्याला सगळे जुने फोटो तारखेप्रमाणे लावायला सांगितले, आणि चित्र लगेच स्पष्ट झालं. बीबीए सगळ्यात आधी. खतं बंद केल्यावर काही आठवड्यांनी कोपऱ्यात पहिली निळसर झाक. फॉस्फेटची मीडिया टाकल्यानंतर काचेवर ठिपके. ब्लॅकआउटनंतर रोटालाची खालची पानं गळून मातीवर पडलेली आणि पुढच्या फोटोत बीजीएची चादर दुप्पट.

टेस्ट किटने नायट्रेट बघितलं, शून्य. फॉस्फेट, शून्य. मित्र खूश झाला! म्हणाला बघ, पाणी किती क्लीन आहे. प्लांटेड टँकमध्ये नायट्रेट शून्य ही आनंदाची बातमी नसते राव, ती उपासमार असते. हवेतला नायट्रोजन पकडू शकणारे सायनोबॅक्टेरिया असतात, शिवाय मातीत कुजणाऱ्या कचऱ्यातून त्यांना त्यांचं मिळत राहतं, पण रोटालाला पाण्यातून काही मिळालं नाही की ती थांबते. आणि झाड थांबलं की पानं जुनी होतात, त्यांच्या आतलं बाहेर झिरपायला लागतं, त्यावर शेवाळ बसतं. तेजीत वाढणाऱ्या रोटालाच्या शेंड्यावर बीबीए बघितलंय कधी? मी तरी नाही. ते बसतं ते ॲनुबियासच्या सहा महिने जुन्या पानावर.

आता फॉस्फेटबद्दल जरा सविस्तर, कारण ही भीती कुठून आली हे कळलं की ती जाते. १९७३ साली कॅनडात ओंटारिओच्या प्रायोगिक सरोवरांपैकी २२६ नंबरच्या सरोवरात सरोवरांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर यांनी एक प्रयोग केला होता. मधे निमुळतं असलेलं ते सरोवर आडवा पडदा लावून दोन भागांत तोडलं, दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन टाकले, पण फॉस्फरस फक्त एका भागात. तो भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. वरून काढलेला तो फोटो खूप गाजला, आणि साबणातल्या फॉस्फेटवर निर्बंध आले त्यात या कामाचा मोठा वाटा होता. बरोबरच आहे. फक्त त्या सरोवराच्या पाण्यात मुख्य वनस्पती म्हणजे तरंगतं सूक्ष्म शेवाळच होतं. आपल्या टँकमध्ये अर्धी जागा मोठ्या झाडांनी व्यापलेली असते. तिथे फॉस्फेट काढून घेतलं तर आधी झाडं अडतात, शेवाळाला लागतं ते इतकं थोडं असतं की आपल्या टेस्ट किटला ते दिसणारही नाही. १९९०च्या दशकात पॉल सिअर्स आणि केव्हिन कॉनलिन या हौशी टँकवाल्यांनी फॉस्फेट कमी ठेवून शेवाळ आवरायची पद्धत मांडली होती आणि ती बराच काळ चालली, नंतर प्लांटेड टँकवाल्यांपैकीच टॉम बार यांनी चांगल्या वाढत्या टँकमध्ये मुद्दाम फॉस्फेट घालून दाखवलं की शेवाळ येत नाही. आता प्लांटेड टँकवाले बहुतेक जण फॉस्फेट विकत आणून घालतात. फॉस्फेट शोषणारी मीडिया मात्र दुकानांतून गेलेली नाही.

तर ग्रीन स्पॉट आणि बीजीए ही दोन्ही उपायांनी आणलेली पाहुणेमंडळी. आता प्रश्न राहिला बीबीएचा, की जो टँक सात-आठ महिने नीट चालला त्यात ते आलंच का.

सीओटू बरोबर होता, पण कधी?

मित्राचं ठाम मत होतं की सीओटूचा प्रश्नच नाही, ड्रॉप चेकर (सीओटू पुरेसा असला की हिरवा, कमी पडला की निळा दिसणारी छोटी कुपी) कायम हिरवा आहे. ड्रॉप चेकर होता नेमका डिफ्यूझरच्या, म्हणजे सीओटूचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या चकतीच्या वर, बुडबुडे सरळ त्याच्या तोंडात जात होते. असा चेकर हिरवाच राहणार, तो टँकचं पाणी नाही, बुडबुडे मोजतोय. शिवाय त्याचा रंग बदलायला तास-दोन तास लागतात, त्यामुळे तो सकाळचं दुपारी सांगतो. चेकर काढून डिफ्यूझरच्या समोरच्या बाजूला, खालच्या अंगाला लावला.

आणि पीएचची वही सुरू केली, कारण पाण्यात सीओटू जितका जास्त तितका पीएच खाली. पद्धत अशी की टँकचं पाणी ग्लासमध्ये घेऊन दिवसभर उघडं ठेवायचं, जास्तीचा सीओटू उडून जातो, मग जो पीएच येतो तो पाया. तो आला ७.६. पाण्याचा केएच (कार्बोनेट क्षारांचं माप) ४. मग रोज दिवा लागल्यावर दोन तासांनी, त्याच वेळी, टँकचा पीएच लिहायचा. सोमवारी ६.६. गुरुवारी ६.८. शनिवारी ७.१. रविवारी पाणी बदललं, सोमवारी परत ६.६.

हे आकडे दिसायला किरकोळ आहेत पण पीएचचं माप दहाच्या पटीत चालतं. केएच ४ ला ६.६ म्हणजे सीओटू ३० पीपीएमच्या (लिटरला ३० मिलिग्रॅम) आसपास, ६.८ म्हणजे १९, आणि ७.१ म्हणजे साडेनऊ. म्हणजे झाडं सोमवारी पोटभर जेवतात आणि शनिवारी तिसरा हिस्सा, आणि दिवा मात्र सातही दिवस नऊ तास फुल्ल. बीबीए कमी सीओटूपेक्षा वर-खाली होणाऱ्या सीओटूवर जास्त माजतं असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे, माझाही तोच. सीओटू अजिबात न देणाऱ्या, मंद दिव्याच्या टँकमध्ये ते बऱ्याचदा दिसत पण नाही.

पण आठवडाभरात सीओटू पडतोय कशामुळे? सिलिंडर संपत आलाय का बघितलं, नाही, प्रेशर ठीक. बुडबुड्यांचा स्पीड रोज तोच. मग शनिवारी टँकसमोर बसल्यावर दिसण्याआधी ऐकू आलं. खळखळ. उघडा टँक, उन्हाळा, वर छोटा पंखा, आठवड्यात पाणी चार सेंटिमीटर खाली जात होतं, म्हणजे ७ लिटर तरी. सोमवारी आउटलेटचा काचेचा लिली पाइप पाण्याखाली असतो आणि वर नुसती लाट उठते, शनिवारपर्यंत त्याचं अर्धं तोंड पाण्याबाहेर येऊन धबधबा सुरू होतो आणि हा धबधबा आत टाकलेला सीओटू हवेत फेकून देतो. मित्राला विचारलं तर म्हणे हो, शनिवार-रविवारी आवाज येतो, छान वाटतो. टँक लावल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत पाणी इतकं उडत नव्हतं, सात-आठ महिने काही न होण्याचं कारण एवढंच. (बाष्पीभवनाने केएच पण किंचित वाढतो आणि पीएच थोडा वर जातो, पण तो हिशोब धरला तरी ७.१ कडे जायला पुरत नाही.)

सोबत आणखी दोन गोष्टी निघाल्या. सीओटू आणि दिवा एकाच वेळी चालू होत होते, म्हणजे चांगल्या दिवशीसुद्धा पहिले दोन तास झाडं भर उजेडात अर्धपोटी. आणि फिल्टर. आउटलेटखाली एक लिटरचा मग धरून मोबाइलवर वेळ लावला, भरायला १८ सेकंद, म्हणजे तासाला २०० लिटर. ५५ लिटर पाण्याला हे चारपटसुद्धा नाही. उघडला तर बारीक लोकरीचा थर चॉकलेटी चिखल झालेला. उजवा पुढचा कोपरा, जिथे बीजीए होतं, तिथे खाण्याचा कण टाकला तर तो जागचा हलत नव्हता.

काय केलं

सगळं एकाच दिवशी केलं नाही, पण एका आठवड्याच्या आत केलं. फिल्टर टँकच्याच काढलेल्या पाण्यात धुतला, नळाच्या नाही, क्लोरीनने आतले जिवाणू मरतात. लोकर फेकून नवीन टाकली. मग भरायला साडेनऊ सेकंदांवर आला. फॉस्फेटची मीडिया कचऱ्यात. लिली पाइप आणखी दोन बोटं खाली घेतला आणि काचेवर आतून एक खूण केली, पाणी त्याखाली गेलं की त्याच दिवशी भरायचं, भरायला आरओचं पाणी, कारण उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. सीओटू दिव्याच्या दोन तास आधी चालू, दिवा जायच्या तासभर आधी बंद. हे करताना पहिले दोन दिवस मासे वरती येऊन तोंड मारत नाहीत ना हे बघायला घरी कुणीतरी हवं, कारण आता आधीच्याच बुडबुड्यांत पाण्यात जास्त सीओटू राहणार.

दिवा नऊवरून सहा तासांवर आणि ताकद ६० टक्क्यांवर. नुसते तास कमी करून भागत नाही, ताकद पण उतरवावी लागते, कारण झाडांना सीओटू किती लागतो हे दिव्याची ताकद ठरवते. यावर सगळ्यात जास्त भांडण झालं. रोटाला.

खतं परत सुरू. पोटॅशियम नायट्रेट १ ग्रॅम घातलं की ५५ लिटरला नायट्रेट ११ पीपीएमच्या आसपास वाढतं, ते आठवड्यातून दोनदा. मोनोपोटॅशियम फॉस्फेट ०.१ ग्रॅम म्हणजे फॉस्फेट सव्वा पीपीएमच्या आसपास, तेही दोनदा. ट्रेस (लोह वगैरे सूक्ष्म खतं) वेगळ्या दिवशी. अर्धं पाणी दर रविवारी तो बदलतोच, त्यामुळे साठून राहायची भीती नाही. शेवाळ असताना खत घालणं हे त्याच्या जिवावर आलं होतं आणि मला ते समजतं, डोळ्यासमोर काळे झुबके दिसतायत आणि आपण पाण्यात खत ओततोय, विचित्रच वाटतं.

आता आहे ते काढणं. कारण दूर केल्याने नवीन यायचं थांबतं, बसलेलं बीबीए आपणहून जात नाही, आणि ब्लॅकआउटने तर ते अजिबात जात नाही. ॲनुबियासची अर्ध्याहून जास्त माखलेली पानं देठासकट कापली, एकदम सगळी नाही, एक तृतीयांशाच्या आत, नाहीतर झाडाकडे वाढायला काही उरत नाही. बाकीच्यावर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, अख्ख्या टँकला मिळून एका वेळी १५ मिली, त्याहून जास्त नाही. फिल्टर बंद, पाणी स्थिर, सिरिंजला एअर पाइपचा तुकडा जोडून झुबक्याच्या अगदी जवळ हळूहळू सोडायचं. सोडल्याबरोबर झुबक्यावर बारीक बारीक बुडबुडे धरतात आणि तो शॅम्पेनसारखा फसफसायला लागतो, हे बघायला मजा येते म्हणून लोक जास्त मारतात, मारू नका, मॉस आणि श्रिंप दोघांनाही झेपत नाही. दहा मिनिटं थांबून फिल्टर चालू, मग पाणी बदल. लाकूड एकदा बाहेर काढून त्यावर ब्रशने तेच लावलं, पाच मिनिटांनी धुऊन परत. लिक्विड कार्बन पूर्ण बंद ठेवला. तो बीबीएवर चालतो, खोटं कशाला बोला, पण ग्लुटारल्डिहाइड म्हणजे हॉस्पिटलची उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात ते रसायन, हातमोज्याशिवाय हाताळू नये, आणि एकाच आठवड्यात पेरॉक्साइड आणि तो दोन्ही मारायची गरज नसते.

बीजीएला एरिथ्रोमायसिन द्यायचं का, हा प्रश्न आलाच. चालतं ते, जिवाणूच आहे शेवटी. पण मी नाही म्हटलं. कोपऱ्यात प्रवाह नाही, नायट्रेट शून्य, ही दोन्ही कारणं डोळ्यासमोर असताना अँटिबायोटिक कशाला ओतायचं, आणि ते पाणी शेवटी कुठे जातं याचा पण विचार करावा. चादर पाइपने ओढून घेतली, लिली पाइपचं तोंड थोडं त्या कोपऱ्याकडे फिरवलं, आणि काच-मातीच्या फटीसाठी बाहेरून मातीच्या उंचीची काळी टेप लावली. उजेडच नाही तर खाली जगणार कशावर. दिसायलाही बरं दिसतं, मातीचे थर दिसत नाहीत.

ग्रीन स्पॉट काचेवरून ब्लेडने. ॲक्रिलिकचा टँक असेल तर ब्लेड नको, ओरखडे कायमचे राहतात, तिथे जुनं प्लास्टिक कार्ड. पानांवरचे ठिपके काढायचा काही उपाय नाही, पान जाईल तेव्हा ते जातील.

काय झालं

पेरॉक्साइड मारलेले झुबके दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुलाबी झाले, मग पांढुरके, आणि मग अमानो श्रिंप त्यावर तुटून पडले. जिवंत बीबीएकडे जे श्रिंप ढुंकून बघत नव्हते तेच मेलेलं चवीने खात होते. मॉसचा एक भाग मात्र जळला, सिरिंज जवळ गेली तिथला. बीजीए त्याच कोपऱ्यात एकदा परत आलं, ओढून घेतलं, नायट्रेट तपासलं तर १० च्या वर होतं, म्हणून बाकी काही बदललं नाही, नंतर दिसलं नाही. काचेवर ठिपके अजून येतात पण आठवड्यात चार-दोन, ब्लेड एकदा फिरवलं की झालं.

टँक सुधारतोय की नाही हे जुन्या पानांवरून ठरवू नको, असं मित्राला परत परत सांगावं लागलं. ॲनुबियासचं नवीन पान उलगडायला वेळ लागतो, पण तेच बघायचं. पहिलं नवीन पान स्वच्छ आलं, दुसरंही, तिसऱ्याच्या टोकाला एक झुबका.

तो का आला तेही सांगतो, कारण माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. आपण एका आठवड्यात पाच-सहा गोष्टी बदलल्या, त्यामुळे कशाने किती फरक पडला हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, मी पण नाही. पण मधे तो गावाला गेला होता आणि पाणी भरायला कुणी नव्हतं. दिवा तोच, कमी केलेला, खतं आधीच घालून ठेवलेली, फिल्टर साफ. फक्त पातळी खुणेच्या खाली आणि खळखळ सुरू. परत आला तेव्हा ड्रॉप चेकर निळसर होता, आणि काही दिवसांनी लिली पाइपच्या कडेला आणि त्या तिसऱ्या पानावर नवे काळे झुबके. पातळी परत वर ठेवली, झुबके काढले, त्यानंतरची पानं स्वच्छ आहेत. एका टँकवरून नियम काढू नये हे मान्य, पण या टँकपुरतं मला तेवढं पुरेसं आहे.

झाकणाला तो तयार नाही, लूक जातो म्हणतो. फ्लोटवर चालणारा ऑटो टॉप-अप बघतोय, तो बसवला तर खुणेची कटकट संपेल. दिवा आता ६० वरून ७० टक्क्यांवर नेलाय, दोन आठवडे बघून मग पुढचं, आणि त्या दोन आठवड्यांत दुसरं काहीच बदलायचं नाही असं ठरलंय. रोटाला दणकून वाढतेय पण हिरवीच आहे. नायट्रेट थोडं खाली आणलं तर लाल होईल ना, असं कालच विचारत होता. होईल, पण आत्ता नको म्हटलंय.